मुकादमाचे बारा ग्रॅम

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा तराजू दुरुस्ती (दुकान बंद, हात चालू), बाजारात काटेवाले म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि फक्त एक कप चहा घेऊन हे मृत्युपत्र सांगतो आहे, व टायपिंगवाल्या बाई ते टाइप करीत आहेत. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. तो पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला आहे, कारण माणसांच्या डॉक्टरांकडे रांग मोठी होती. त्यात त्यांनी लिहिले आहे, "रुग्णाचे मालक सावध आहेत, हट्टी आहेत, चावत नाहीत." एवढे पुरेसे व्हावे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते नऊ वर्षांपूर्वी रागाच्या भरात किराणा सामानाच्या पावतीमागे लिहिलेले आहे. ते रद्द समजावे. त्यात माझ्या बहिणीविषयी जे लिहिले आहे ते सर्वांत आधी रद्द समजावे.

आजच का, याचेही कारण लिहितो. गेल्या मंगळवारी काटा खुंटीवर टांगताना स्टूल सरकले आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर आडवा झालो. मोडले काही नाही, पण उठता येईना. चाळीस मिनिटे छताकडे बघत पडून होतो. तेवढ्यात साडेबारा वाजले आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "दादा, जेवलास का?" तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की मी असाच गेलो तर उद्या सकाळी याची वाटी कोण भरणार? हे मृत्युपत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. घर, भांडी आणि बाकी सगळे त्याच्यामागून येते.

कलम १. मुकादम.

मुकादम हा माझा करडा पोपट. वय चोवीस, वजन चारशे तीस ग्रॅम, शेपूट लाल, स्वभाव नावाप्रमाणे. चौदा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याची दुसऱ्या गावी सोय लागली, तेव्हा तो "दोन दिवस ठेवा" म्हणून पिंजरा ठेवून गेला. ते दोन दिवस अजून चालू आहेत. ही जात पन्नास-साठ वर्षे जगते असे डॉक्टरीणबाई सांगतात. म्हणजे मी गेल्यावरही मुकादमाची पंचवीस-तीस वर्षे उरतात, आणि ती कोणाच्या तरी गळ्यात पडणार आहेत.

मुकादम मी माझ्या धाकट्या बहिणीला देतो. ती आणि मी नऊ वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. ती त्याला घेईल की दारातूनच परत पाठवील, हे मला माहीत नाही. तिने नाही म्हटले तर मुकादमाची वाटी तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या हाती जाईल, आणि त्या दिवसापासून मला स्वर्गात (किंवा जिथे असेन तिथे) स्वस्थता मिळणार नाही. भाचा मनाने चांगला आहे. पण स्वतःच्या लग्नात, फोटो काढण्याच्या गडबडीत, त्याने मुकादमाला खारवलेले काजू भरवले होते. "मामा, एवढ्याशाने काय होतंय?" असे तो म्हणाला. त्या एवढ्याशाने मुकादम तीन दिवस पाणी पीत आणि शिव्या देत होता. शिव्या मंगलकार्यालयाच्या आचाऱ्याच्या होत्या. त्या अजून गेलेल्या नाहीत.

कलम २. वाटीत काय घालावे.

रोज सकाळी आठ वाजता बिया बारा ग्रॅम, त्या पुढीलप्रमाणे: सूर्यफूल तीन, करडई दोन, भोपळ्याच्या दोन, राळे चार, जवस एक. सूर्यफूल तीनच्या वर जाऊ नये. तो मागेल. तो अशा नजरेने मागेल की दगडालाही वाटेल आपण कसाई आहोत. तरी देऊ नये. सूर्यफुलात तेल फार असते आणि मुकादमाचे काळीज आधीच मोठे आहे, असे डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवले आहे. आठवड्यातून दोनदा बिया भिजवून, मोड आणून द्याव्यात. बियांनी पोट भरायचे नसते. उरलेले पोट पालेभाजी, गाजर आणि शिजवलेल्या धान्याने भरावे. गाजर तो आधी फेकून देतो, मग माणूस वळल्यावर खातो. म्हणून गाजर दिल्यावर वळावे.

खारवलेले काहीही नाही. बुरशीचा वास येणारा शेंगदाणा नाही. कडू बदाम नाही. सफरचंद चालेल, पण आतल्या बिया आठवणीने काढून. सगळ्या बिया चांगल्या आणि सगळा सुका मेवा पौष्टिक, असे मानणारी माणसे गल्लीत पुष्कळ आहेत. त्यांना पिंजऱ्यापासून लांब ठेवावे.

कलम ३. घर आणि ठेव.

दुकानावरच्या दोन खोल्या, बाल्कनी आणि जिन्याचा अर्धा भाग बहिणीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. त्यातून मुकादमाच्या बिया आणि डॉक्टरीणबाई भागाव्यात. तिने मुकादमाला घेतले नाही तरी घर तिचेच. मी पोपटासाठी बहिणीला अडवून धरणार नाही. पोपटापायी तिला एकदा दुखावले आहे.

कलम ४. कुकर.

माझ्याकडे पाच लिटरचा कुकर आहे, झाकणाशिवाय. झाकण बहिणीकडे आहे, कुकराशिवाय. नऊ वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली तेव्हा हाताला लागेल ते दोन पिशव्यांत भरले, त्यात झाकण गेले. परत मागायला मी गेलो नाही, आणि कुकर न्यायला ती आली नाही. नऊ वर्षे मी कुकरावर ताट झाकून भात केला. तो वर कच्चा आणि खाली करपलेला असतो. कुकर बहिणीला द्यावा.

कलम ५. हत्यारे, भाचा व इतर.

कानशी, पकडी, पितळी वजनांची मखमली पेटी आणि वजने उचलायचा चिमटा भाच्याला. त्याच्या लहानपणी वडील गेले आणि बहीण त्याला घेऊन माझ्याकडे राहायला आली. माझ्या बाकावर बसून तो हे काम शिकला. हात इतका हलका, की वाटले माझ्यानंतर दुकान चालवील. मग तो इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या कंपनीत लागला आणि माझीच गिऱ्हाइके एकेक करून आकडे दाखवणाऱ्या डब्यांवर नेली. मी त्याला माफ केले आहे. पण चिमटा त्याने रोज एकदा तरी हातात धरावा, असे माझे म्हणणे आहे.

कोपऱ्यावरच्या धान्यवाल्याला पन्नास ग्रॅमचे एक लोखंडी वजन परत करावे. ते आतून पोकळ आहे. वीस वर्षांपूर्वी मी ते त्याच्या दुकानातून "तपासायला" म्हणून आणले, आणि त्याने ते कधीही परत मागितले नाही. यावरून काय समजायचे ते समजावे. वजन भर दुकानात, गिऱ्हाइके असताना द्यावे.

कलम ६. काटा.

माझ्या वडिलांचा हाततराजू, ज्यावर मी मुकादमाच्या बिया तोलतो, तो बहिणीला. या काट्याबरोबर एक हकीकत द्यायची आहे. ती पुढच्या कलमात आहे. बाईंनी इथे विचारले, "काका, हकीकतीला वेगळं कलम कशाला?" त्यांना म्हटले, तुम्ही टाइप करा. त्यांनी हेही टाइप केले आहे.

कलम ७. कबुली.

वडिलांनी मला धंदा शिकवताना पहिल्या दिवशी सांगितले होते, रोज सकाळी दोन्ही पारडी रिकामी करायची, काटा रिकामा बघायचा, मगच पहिले वजन ठेवायचे. काटा रिकामा असताना सरळ उभा राहिला तरच तो खरा. मी हे चाळीस वर्षे अख्ख्या बाजाराला सांगितले. भाजीवाल्याला सांगितले, सोनाराला सांगितले, धान्यवाल्याला तर ओरडून सांगितले.

घरी मात्र रोज तेच बारा ग्रॅम. म्हणून वजने डाव्या पारड्यातून काढायचा मी कंटाळा करू लागलो. ती तिथेच मुक्कामाला राहिली. बहीण फडके मारताना म्हणायची, "दादा, वजनं उचलून ठेव रे. काटा एकदा रिकामा बघ." मी म्हणायचो, "तू मला काटा शिकवू नकोस."

वडिलांच्या काट्याचे उजवे पारडे मागे एकदा बदललेले आहे आणि ते थोडे हलके आहे. ती तूट भरून काढायला त्याच्याखाली लाखेचा एक गोळा दोऱ्याने बांधला होता, सात ग्रॅमचा. याला आमच्यात पासंग म्हणतात. पासंग गेला की उजवे पारडे सात ग्रॅमनी खोटे होते.

नऊ वर्षांपूर्वी मुकादम फुगू लागला. सात-आठ महिन्यांत नव्वद ग्रॅम वाढला. उडायचा तो चालू लागला, आणि चालायचा तो बसू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या त्या बॅटरीच्या काट्यावर त्याला ठेवले. (त्या काट्यावर माझा विश्वास नव्हता हे मी तेव्हाच बोललो होतो. तो काटा बरोबर होता. हे लिहिताना मला त्रास होतो आहे.) त्या म्हणाल्या, "याला जास्तीचं कोण खायला घालतंय?"

मी म्हणालो, "घरात आम्ही दोघंच. मी बारा ग्रॅमच्या पुढे एक बी देत नाही. माझा काटा चुकत नाही."

बहीण म्हणाली, "म्हणजे मी देते?"

"मग काय भिंती भरवतात?"

"दादा, मी काही दिलेलं नाही."

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

दवाखान्यात चार माणसे होती, एक कासव होते, सगळे ऐकत होते. ती तशीच घरी आली, पिशव्या भरल्या आणि तीन गल्ल्या सोडून भाच्याकडे राहायला गेली. मी खिडकीत उभा राहून बघितले. मला वाटले होते, कोपऱ्यापर्यंत जाईल आणि वळेल.

दोन महिन्यांनी रंगारी आला म्हणून कपाट हलवले. मागे लाखेचा गोळा सापडला. त्याला अर्धा दोरा होता आणि चोचीचे अकरा ओरखडे होते. मोकळा सोडला की मुकादम काट्याच्या खुंटीवर बसायचा. तिथून त्याने पासंग कुरतडून काढला होता. वजने कायम डाव्या पारड्यात पडलेली असल्यामुळे काटा नेहमीच डावीकडे कललेला दिसे, आणि उजवे पारडे हलके झाले आहे हे मला कळलेच नाही. मी बारा म्हणून एकोणीस ग्रॅम तोलत होतो. रोज. डोळ्यांत तेल घालून. वाढलेल्या सात ग्रॅममध्ये तो सूर्यफूल आधी शोधून खायचा.

मी पासंग परत बांधला. पाच महिन्यांत मुकादमाचे वजन उतरले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "बघा, ताई गेल्या आणि हा सुधारला." त्या क्षणी मी तोंड उघडायला हवे होते. मी उघडले नाही. बाजारातला सगळ्यात खरा काटा म्हणून माझे नाव होते आणि ते मला बहिणीपेक्षा जड वाटले. डॉक्टरीणबाईंनी ही गोष्ट पाच-पंचवीस गिऱ्हाइकांना उदाहरण म्हणून सांगितली. गल्लीत माझी बहीण पोपटाला मारायला निघालेली बाई ठरली. मी रोज त्याच गल्लीतून भाजी आणत होतो.

तेव्हा या मृत्युपत्राद्वारे, कोणत्याही अटीशिवाय जाहीर करतो की माझ्या बहिणीने मुकादमाला काहीही दिलेले नव्हते. ती खरे बोलत होती. चूक माझी, आळस माझा, आणि नऊ वर्षांची मग्रुरीही माझीच. हे कलम चौकात वाचून दाखवावे. धान्यवाल्यालाही बोलवावे.

एक अजून. मुकादम तिच्या आवाजात बोलतो. रोज साडेबाराला "दादा, जेवलास का?" असे विचारतो. मी "हो, जेवलो" म्हणतो. ती गेल्यापासून या घरात मला दुसरे कोणी काही विचारलेले नाही. तिच्याशिवाय मला करमत नाही. हे मी नऊ वर्षांत कोणाला सांगितले नाही, ते इथे सांगतो.

इथे बाईंनी टाइप करणे थांबवले. त्यांनी डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं बहिणीला तुम्ही गेल्यावर कळणार?"

मी म्हणालो, "मृत्युपत्र म्हणजे तेच की."

"मग ती भांडणार कोणाशी?"

मृत्युपत्र इथे पुरे करतो.

सही: काटेवाले
साक्षीदार: १. टायपिंगवाल्या बाई. २. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई (कलम सात त्यांनी दोनदा वाचले, नंतर सही केली).
स्थळ: बाईंची टपरी, पंख्याखालचे टेबल. ता. अकरा, बुधवार.

पुरवणी

वरील मृत्युपत्र केल्यावर मी अजून जिवंत असल्यामुळे ही पुरवणी जोडावी लागत आहे.

गुरुवारी दुपारी एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात कुकर आणि काखेत मृत्युपत्र घेऊन मी तीन गल्ल्या चालत गेलो. बेल वाजवायला हात मोकळा नव्हता म्हणून कुकर दारावर आपटला. दार बहिणीने उघडले. केस सगळे पांढरे झाले आहेत. साडेबारा वाजून गेले होते, त्यामुळे मुकादमाला दम निघाला नाही. तो म्हणाला, "दादा, जेवलास का?"

ती म्हणाली, "हा अजून म्हणतो?"

"रोज."

"आणि तू काय सांगतोस?"

"जेवलो म्हणतो."

"खोटं."

"कधीकधी."

मग मी तिथे उंबऱ्यातच उभा राहून कलम सात मोठ्याने वाचले. शेजारची दोन दारे उघडली, उघडू दिली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सात ग्रॅम?" मी म्हणालो, सात. "सात ग्रॅमसाठी मी नऊ वर्षं या पोराच्या सोफ्यावर झोपले?" यापुढे ती पंधरा मिनिटे जे बोलली ते मी बाईंना लिहू दिलेले नाही. त्यातला शब्दन् शब्द योग्य होता.

मग ती आत गेली आणि झाकण घेऊन आली. कुकरावर लावून बघितले. बसेना. "रबर वाळलंय," म्हणाली, आणि कुकर मांडीवर घेऊन तिथेच बसली.

"दादा, मी पण खोटं बोलले होते."

"कधी?"

"दवाखान्यात. मी देत होते त्याला. अर्धा अक्रोड. रोज."

मी कबूल करतो की त्या क्षणी माझ्या अंगात वीस वर्षांच्या पोराचे बळ आले. "म्हणजे मी बरोबर होतो!" असे मी ओरडलो. आतून भाच्याचा आवाज आला, "हो मामा, फक्त ते सात ग्रॅम सोडून."

"पण का देत होतीस?"

"शिकवायला," ती म्हणाली. "तू बाकावर बसलास की जेवण विसरायचास. मी हाक मारली की 'आलो, आलो' म्हणून पुन्हा काट्यात डोकं घालायचास. म्हटलं, एकटीचं ऐकत नाही तर दोघांनी विचारावं. चार महिने लागले त्याला ते वाक्य यायला. एकदा नीट म्हणाला की अर्धा अक्रोड. तुझ्याच चिमट्याने द्यायचे, बोटं फोडतो म्हणून. त्या दिवशी चार माणसांत कसं सांगणार होते, की माझा भाऊ जेवावा म्हणून मी पोपटाला लाच देते?"

यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. भाचा म्हणतो, मी रडलो. तो काजूच्या बाबतीत भरवशाचा नसला तरी याबाबतीत त्याचे खरे धरावे.

वरील हकीकतीनंतर मृत्युपत्रात पुढील बदल करीत आहे.

घरी येऊन अर्धा अक्रोड तोलला. काटा आधी रिकामा बघितला. अडीच ग्रॅम भरला. म्हणजे जास्तीच्या साडेनऊ ग्रॅममध्ये माझे सात आणि तिचे अडीच. तरीही कलम सात मी मागे घेत नाही. "तिने काहीही दिलेले नव्हते" हे वाक्य चुकीचे आहे, ते तसेच ठेवावे. मी ते खरे समजून सांगितले होते, आणि नऊ वर्षे उशिरा सांगितले होते. चौकातले वाचन मात्र रद्द. अर्ध्या गल्लीने ऐकलेच आहे.

कलम चार, कुकर: बहीण आता दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत आहे. ती परत आली आहे असे कुठेही लिहू नये, अशी तिची सूचना आहे. ती फक्त कुकराचे रबर बसेपर्यंत राहणार आहे. रबर आणायचे काम माझ्याकडे आहे. मी ते अजून आणलेले नाही. माझ्या मृत्यूपर्यंत कोणीही ते आणू नये.

कलम दोन, मुकादमाचा आहार: बियांमध्ये बदल नाही, फक्त सूर्यफूल तीनऐवजी एक ग्रॅम करावे, कारण रोज दुपारी साडेबारा वाजता, विचारणा झाल्यावर, अर्धा अक्रोड वाढवण्यात येत आहे. डॉक्टरीणबाईंची लेखी परवानगी सोबत जोडली आहे. अक्रोड धाकटीने द्यावा. तो लहान निघेल, मोठा निघेल. कोणीही, विशेषतः मी, तो तोलू नये.

सही: काटेवाले
साक्षीदार: पूर्वीचेच.
हजर: धाकटी बहीण. मृत्युपत्रात घर तिला दिलेले असल्यामुळे ती साक्षीला चालत नाही. तिने प्रत्येक ओळीवर हरकत घेतली आणि शेवटी मजकूर बरा आहे म्हणाली.
स्थळ: आमचे स्वयंपाकघर. ता. अठरा, बुधवार. वेळ दुपारी साडेबारा. विचारणा झाली आहे. अजून जेवलो नाही. पाने वाढली आहेत, बसतो आहोत.